बाटलीतलं पाणी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

ही वही शेडची आहे. पुढच्या बाजूनं रंग. प्रत्येक पानावर रंगवलेल्या सुताचा तुकडा चिकटवलेला, खाली किती मीठ, किती सोडा, किती वेळ उकळलं ते, आणि बॅच बिघडली असेल तर कशानं बिघडली आणि कुणामुळं. भवानी पेठेतल्या या कारखान्यात मी एकतीस वर्षं डायिंग मास्तर आहे. नाव घातल्याशिवाय एक बिघाड सोडलेला नाही. पोरं म्हणतात, पंचाक्षरी मास्तराच्या वहीत नाव गेलं की माणूस आठवडाभर मान वर करत नाही. करूच नये.

मागच्या बाजूनं आजपासून हे. अंकिता म्हणाली, "अप्पा, तुम्ही दवाखान्यात नुसतं ओरडता आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते घरी येईपर्यंत विसरता. लिहून ठेवा की." पोरगी शाळेत शिकवते, आता बापालाही गृहपाठ द्यायला लागली.

तर लिहितो. माझ्या बायकोच्या, महानंदाच्या डाव्या छातीत गाठ आहे. लिंबाएवढी. कधीपासून, तर दसऱ्यापासून. दसरा गेला, दिवाळी गेली, बाईनं सगळा फराळ केला, वेळअमावस्येला भज्जी केली, तोंड मात्र उघडलं नाही. मला काल कळलं, तेही अंकिताकडून. का लपवलंस विचारलं तर म्हणते, "तुमी ओरडला असता." मग काय ओवाळू? तीन महिने घालवलेस, गाठ वाढवलीस, तुझ्या हातानं वाढवलीस, म्हटलं. बरंच बोललो. समोरच्यांनी खिडकी उघडून बघितलं. ती नेहमीसारखं "सुम्न इर्री" म्हणाली. कानडीत गप बसा. तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला हे दोन शब्द सोडून काही सुनावलेलं नाही.

डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी नावाची. अंकिताच्याच वयाची असेल. तुकडा काढून तपासल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही म्हणाली. शनिवारी सुई.

४ जानेवारी, शनिवार

सुईनं पाच तुकडे काढले. पांढुरके, बारीक, सुताचे धागे तोडावेत तसे. महानंदा हूं की चूं नाही. मी बाहेर उभा राहून घाम पुसत होतो.

नर्सनं एक प्लास्टिकची बाटली हातात दिली. झाकणावर नाव, वय ५४. "काका, सात रस्त्याजवळच्या लॅबला नेऊन द्या, आत्ताच्या आत्ता. दोनला बंद होते. पाणी सांडू नका." म्हणजे बायकोचा तुकडा नवऱ्यानं भाजीसारखा पिशवीत घालून न्यायचा. ही यांची पद्धत. सगळेच असं नेतात म्हणे.

आधी हिला रिक्षानं घरी आणलं, आडवं केलं, चहा दिला. लॅबला पोचलो तर दोन वाजून दहा मिनिटं आणि शटर खाली. शटरवर चार लाथा घातल्या. वॉचमन म्हणाला, सोमवारी या.

बाटली घरी आणली. झाकण जरा सैल होतं म्हणून उघडलं, आणि नाकात असा भपकारा गेला की डोळ्यांतून पाणी आलं. पाणी म्हणे. हे फॉर्मेलिन आहे. मला शिकवतात. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याकडं रंग पक्का करायला हेच वापरायचे. माझ्या दहाही बोटांची सालं निघाली होती, भाकरी मोडता यायची नाही. दोन महिने महानंदा रोज संध्याकाळी बोटांना खोबरेल लावत बसायची. आणि तसल्या जहरात तिचंच मांस सोमवारपर्यंत ठेवायचं? ते काय बेवारशी आहे? तिच्या अंगाचं आहे ते.

मोरीत ओतून दिलं सगळं. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, ते बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागं ठेवलंय. आता कुठं जिवाला बरं वाटतंय. एवढी अक्कल त्या नर्सला असती तर काय पाहिजे होतं.

महानंदा उठून मोरीपाशी आली. "कसला वास ओ?" कारखान्यातला सदरा धुतला म्हटलं. तिनं ओट्यावरची मिठाची बरणी उचलली, फडताळात ठेवली आणि परत जाऊन पडली.

६ जानेवारी, सोमवार

लॅब उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. काउंटरवरची बाई मोबाइल कानाला लावूनच काम करते. बाटलीवर नंबर चिकटवला, रजिस्टरात लिहिलं, "आठ दिवसांनी या." माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. असल्या लोकांच्या हातात माणसाचा जीव.

१२ जानेवारी, रविवार

अक्कलकोटहून निंगव्वाअक्काचा फोन. माझी थोरली बहीण. तिला सहा वर्षांपूर्वी हाच आजार झाला, ऑपरेशन झालं, आता रोज एक गोळी घेते आणि गाव पालथं घालत फिरते. "तम्मा, कशाला घाबरतोस? माझी गोळी चालू कर की तिला. आजार एकच." पटलं मला. संध्याकाळी भाच्यानं गोळ्यांची पट्टी आणून दिली.

अंकितानं माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. बापाच्या हातातून. मी म्हटलं, तुझ्या आत्यानं सहा वर्षं खाल्ली, मेली का? ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही डॉक्टर नाही, मास्तर आहात. तेही रंगाचे." जेवलो नाही. महानंदानं ताट झाकून ठेवलं.

१५ जानेवारी, बुधवार

कॅन्सरच आहे.

गड्ड्याची जत्रा भरलीय, बाहेर पिपाण्या वाजताहेत. महानंदा दरवर्षी सिद्धरामेश्वराच्या अक्षता सोहळ्याला जाते. परवाही गेली होती, छातीला पट्टी असताना. देवाचं लग्न लावून आली आणि आज हे. मला देवाचा राग आला तो आला, पण डॉक्टरिणीचा जास्त. एवढे दिवस लावून अर्धाच रिपोर्ट. अजून रंगाच्या तपासण्या यायच्यात, त्या आल्यावर औषध ठरवू म्हणे. कॅन्सर आहे हे कळलं, मग औषध ठरवायचं काय राहिलंय? आग लागल्यावर लाकूड कुठल्या झाडाचं ते विचारत बसतात का?

महानंदाला काय वाटतं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, रागात होतो.

२१ जानेवारी, मंगळवार

अंकितानं सांगितल्याप्रमाणं डॉक्टर बोलली तसंच लिहितो, कारण मला अजून काही समजलेलं नाही.

"काका, आजाराचं नाव एक, पण जाती वेगळ्या. एका जातीची गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसते. तिला ते हार्मोन तोडणारी गोळी. तुमच्या बहिणीची ती. दुसऱ्या जातीत पेशीच्या अंगावर हर-टू नावाचं प्रोटीन नको तितकं असतं. त्याच्यावरच नेम धरून जाऊन बसणारं इंजेक्शन आहे, केमोच्या जोडीला देतात. तिसऱ्या जातीत यातलं काहीच नसतं. तिथं ती गोळीही चालत नाही आणि ते इंजेक्शनही चालत नाही. केमोवर आणि दुसऱ्या औषधांवर भर द्यावा लागतो. जात ओळखायला तुकड्यावर तीन रंग चढवून बघतात, दोन हार्मोनचे, एक हर-टूचा. चढला तर ते आहे, नाही चढला तर नाही."

महानंदाच्या तुकड्यावर तिन्हीतला एकही रंग चढला नाही.

म्हटलं, मग झालं, तिसरी जात. करा की सुरू. तर ही म्हणते, "मला या रिपोर्टवर विश्वास बसत नाही. परत सुई घालून तुकडा घेऊ या."

उठलोच. टेबलावर हात आपटला. परत? तिला काय चाळणी समजलात काय? तुमच्या लॅबनं तुकडा नासवला आणि भोगायचं हिनं? डॉक्टर शांत बसून होती, त्यानं आणखी डोकं फिरलं. ती म्हणाली, "केमो उद्याही सुरू करता येईल. पण ही हर-टूची गाठ असली आणि आपल्याला कळलंच नाही, तर काकूंचं मुख्य औषध त्यांना मिळणारच नाही." मी म्हटलं, भीती घालू नका.

तिथनं तडक लॅबवर गेलो. काउंटरवरच्या त्या बाईला चार लोकांत असं झाडलं, असं झाडलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे. मोबाइल कानाला लावून काम करतात. अंकिताकडून लेखी तक्रारही करवून घेतली, बाईच्या नावानिशी. नाव घातल्याशिवाय सोडायची सवय नाही आपल्याला.

महानंदा रात्रीची भाकरी करताना म्हणाली, "घेऊ दे की परत. मला कुटं तेवढं दुखलं?" मी म्हटलं, तू बोलू नकोस. बोलायचं होतं तेव्हा बोलली नाहीस.

२३ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरचा फोन. "काका, तुम्ही रंगारी आहात असं अंकिता म्हणाली. एकदा येऊन स्वतः बघा, मग मला काय बोलायचं ते बोला." गेलो. भांडायलाच गेलो होतो.

तिनं कंप्युटरवर दोन चित्रं लावली. डावीकडं दुसऱ्याच कुणाचा तरी तुकडा. त्याला रंग चढतो हे आधीपासून ठाऊक असलेला, मुद्दाम महानंदाच्या तुकड्याशेजारी एकाच काचेवर ठेवलेला. त्याला तपकिरी रंग झकास धरलेला, एकसारखा, कुठं डाग नाही. आम्हीही नव्या टाकीत आधी ओळखीच्या सुताची एक लडी सोडून बघतो. ती रंगली की समजायचं, रंग चांगला, टाकी चांगली.

उजवीकडं महानंदाचा. फिकट, कडा विरघळल्यासारख्या.

"गाठीचं सोडा," ती म्हणाली. "ह्या बघा तुकड्यातल्याच निरोगी दुधाच्या नळ्या. यांच्यात थोडा तरी हार्मोनचा रंग चढायलाच पाहिजे, कुठल्याही बाईच्या. त्याही कोऱ्या राहिल्यात. म्हणून मी म्हणते, रिपोर्ट खरा नाही."

मी मास्तरकीच्या तोऱ्यात बोलून गेलो, "रंगाची चूक न्हाय ही. माल आधीच मेलाय. रंगाच्या अगोदर कुणीतरी घाण केली. फिक्सिंगच झालं नसणार."

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "फॉर्मेलिन तेच करतं. पेशी आहेत तशा धरून ठेवतं. नाहीतर त्या कुजायला लागतात, आणि मग रंगाला धरायला काही उरत नाही. बाटलीत कमी पडलं असेल, नाहीतर लॅबमध्ये काही झालं असेल. मी विचारतेय त्यांना."

मी खुर्चीतच बसून राहिलो. ती पाणी हवंय का विचारत होती. पाणी.

फिक्सर. एकतीस वर्षं फिक्सरवर पोट भरलं माझं. पोरांना ओरडून ओरडून सांगितलं, फिक्सरचा वेळ मोडला तर हात मोडीन. कॉटनचा रंग पॉलिस्टरला चढत नाही हेही मीच सांगतो, आणि बहिणीची गोळी बायकोला द्यायला मीच निघालो होतो. बाटलीचा वास ओळखला, नाव ओळखलं, ते कशाला घातलंय तेवढं मात्र या गाढवाला सुचलं नाही. तिचं मांस भाजेल म्हणे. ते तिच्या अंगातून निघालं होतं, त्याला काय भाजणार होतं?

डॉक्टरला काही बोललो नाही. परत तुकडा घ्या एवढंच म्हटलं. तिला वाटलं, चित्र बघून समजूत पटली.

२४ जानेवारी, शुक्रवार

कारखान्यात आज कुणावर ओरडलो नाही. पोरं घाबरली. एकानं विचारलं, मास्तर, बरं नाही का? त्याच्यावर ओरडलो.

२७ जानेवारी, सोमवार

परत सुई. या वेळी तिला दुखलं. डॉक्टरनं आत बोलावलं होतं, तिनं माझा हात धरला आणि नखं रुतवली. ओरडली नाही. पहिल्या सुईच्या जागी अजून निळं होतं, त्याच्या शेजारीच.

बाटली घेऊन थेट लॅबवर. रिक्षात ती दोन्ही हातांत धरून बसलो. वास येत होता, येऊ दिला.

काउंटरवर दुसराच माणूस. ती बाई कुठंय विचारलं. "साहेबांनी घरी बसवलंय. कुणीतरी तक्रार केलीय, चौकशी चालू आहे." त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं. त्यानं पावती दिली. घेऊन बाहेर आलो.

घरी आल्यावर महानंदानं विचारलं, "ह्या टायमाला लवकर पोचलाव न्हाय?" व्हय म्हटलं. सांगायला तिथंच जागा होती. भ्याड माणूस आहे मी, एवढं वहीत लिहून ठेवतो. ओरडणारा माणूस भ्याड नसतो असं मला साठ वर्षं वाटत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. हार्मोनचे दोन्ही रंग नाहीत. हर-टू तीन अधिक, म्हणजे त्याच्या वर आकडाच नाही. डॉक्टरनं चित्र दाखवलं. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडा, गच्च. असला धरलेला रंग मी आयुष्यात बघितला नाही.

म्हणजे अक्काची गोळी हिला पाण्यासारखी गेली असती. आणि पहिला रिपोर्ट खरा धरून मी म्हटलं तसं केलं असतं, तर जे औषध हिच्यासाठीच बनलंय ते हिला कधी मिळालंच नसतं. आधी हृदयाची इको तपासणी, कारण त्या इंजेक्शनचा हृदयावर भार येऊ शकतो. मग सोमवारपासून केमो आणि ते इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी. मध्ये ऑपरेशन. इंजेक्शन एकंदर वर्षभर.

"तीन आठवडे फुकट गेले," डॉक्टर म्हणाली. "लॅबला मी आज लेखी कळवतेय. त्या काउंटरच्या बाईंचं नाव तुमच्या तक्रारीत आहेच."

मी म्हटलं, थांबा.

सांगितलं सगळं. शटर, मोरी, मीठ, दह्याचं भांडं. जमिनीकडं बघून सांगितलं. अंकिता नुसतं "अप्पा" म्हणाली. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या नर्सनंही त्याला पाणी म्हणायला नको होतं. बाटलीत काय आहे आणि कशाला आहे, ते सांगायला हवं होतं." ही पोरगी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

महानंदा उठून जिन्याकडं चालली. मी वाट बघत होतो, आता सुम्न इर्री म्हणेल आणि संपेल. जिन्यात थांबली.

"वास मला तवाच आला हुता," ती म्हणाली. "मिठाची बरणी मीच उचलली. फ्रीजमधी बाटली बघितली. ते पाणी तुमी बदललाव, मला ठावं हुतं."

मग बोलली का नाहीस, माझ्या तोंडून निघालंच.

"का बोलू?" आणि मग ती ओरडली. दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, तीस वर्षांत पहिल्यांदा. "मास्तराला कळतंय म्हणून गप बसले. घरात एकट्यालाच कळतंय की. मी तीन म्हयने लपवलं तर माझ्या हातानं गाठ वाढली म्हणालाव. रोज म्हणालाव. भाकरी करताना म्हणालाव. आता हे तीन आठवडे कुणाच्या हातानं वाढली? दुसरी सुई कुणी टोचली मला? ती लॅबमधली बाई घरी बसली, तिच्या घरी काय सांगितलं असेल तिनं? बोला की. आता का तोंड शिवलंय?"

मी तिचा हात धरायला गेलो, तिनं काढून घेतला आणि अंकिताबरोबर रिक्षात बसली. मी मागून चालत आलो. चालत येताना लॅबवर गेलो, साहेबाला भेटलो, तक्रार मागं घेतो म्हणून लिहून दिलं, का घेतो तेही लिहिलं. त्या बाईचा पत्ता मागितला, दिला नाही. उद्या ती कामावर येईल म्हणाले. उद्या जाईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती बाई आली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "चार लोकांत बोललात, माफी एकटीला गाठून मागता व्हय?" मग परत मागितली, मोठ्यानं. रांगेतले लोक बघत होते.

संध्याकाळी वही उघडून इथं लिहीत बसलो होतो. महानंदा येऊन उभी राहिली. "काय लिहूलालाव?"

झालं ते सगळं लिहितो म्हटलं.

तिनं वही माझ्या हातातून घेतली. मागची पानं वाचली, उभ्या उभ्या, बोट फिरवत. खोबरेलाचं होतं त्या पानावर जरा थांबली. मग वही उलटी केली, पुढची बाजू उघडली, शेवटच्या शेडनंतरचं कोरं पान काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"हितं लिहा. मागं न्हाय."

पुढची पानं कारखान्यात सगळे बघतात. रोज सकाळी पोरं शेड बघायला ही वही उघडतात.

लिहिलं. तारीख ४ जानेवारी. बॅच बिघडली. कारण: फिक्सर ओतून देऊन मिठाचं पाणी घातलं. कुणामुळं: पंचाक्षरी मास्तर. सुताचा तुकडा चिकटवायची जागा मोकळी राहिली.

तिनं वाचून बघितलं. सोमवारी इंजेक्शनला अंकिता आत बसेल म्हणाली. बाटली, पिशवी, औषध, कशाला म्हणून मी हात लावायचा नाही.

"तुमी भाईर बसायचं," म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाता जाता, माझ्याकडं न बघता, "पण यायचं."